पदराच्या आधीची ओळ

मला त्या माणसाचा अजून राग येतो. उठता-बसता नाही, पण कुणी "तुमच्या त्या आप्पांचं डोकं लई भारी होतं हां" असं म्हणालं, की माझ्या डोक्यात तिडीक जाते. भारी होतं हे मला कुणी सांगायला नको. चार वर्षं मी त्या डोक्याच्या शेजारच्या टेबलावर काढली आहेत. पण एवढ्या भारी डोक्याच्या माणसानं इतकं अडून बसावं, आणि शेवटी असं काही करून जावं की त्याच्याशी धड भांडायचीही सोय राहू नये, याला काय म्हणायचं?

ऑफिस टिळकवाडीत, टायरच्या दुकानाच्या वर. आम्ही आठ जण आणि साहेब. मी हिंडलग्याहून स्कूटरवर यायची, आप्पा खासबागेतून चालत यायचे. साहेबांसकट सगळे त्यांना आप्पाच म्हणत. पन्नाशीचे, किडकिडीत, कायम अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात पेनाऐवजी शिंप्याचा खडू. तो खडू कशासाठी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमचं काम साड्यांच्या दुकानांसाठी. गिऱ्हाइकानं पडद्यावर साडी निवडायची, की ती एका बाईला नेसवलेली दिसायची. बोटानं फिरवली की बाई फिरायची, जवळ ओढली की निऱ्या, काठाची जर, अगदी सुताचा पीळसुद्धा दिसायचा. हे आधी काढून ठेवलेलं चित्र नव्हे. बोट फिरेल तसं त्याच क्षणी तयार होणारं. ते 'त्याच क्षणी' आप्पांच्या अखत्यारीत होतं.

पडद्यावर जे गुळगुळीत दिसतं ते मुळात बारीक बारीक त्रिकोणांचं असतं. सगळी साडी कायम तेवढ्या बारीक त्रिकोणांची ठेवली तर मशीन मान टाकतं. म्हणून साडी थोड्याशा मोठ्या तुकड्यांची साठवायची आणि ग्राफिक्स कार्डालाच सांगायचं, की बघणारा जवळ आला की या तुकड्यांचे जागच्या जागी बारीक तुकडे पाड, लांब गेला की कमी पाड. आणि मग प्रत्येक बिंदू कापडाच्या उंचवट्याप्रमाणे थोडा वर उचल किंवा खाली दाब. याला टेसेलेशन म्हणतात. कॉलेजात आम्हाला हे एका तासात उरकून टाकलं होतं. आप्पांनी त्यात अकरा वर्षं घातली होती. ग्राफिक्स ते कुठं शिकले नव्हते, डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. लांबलचक इंग्रजी शोधनिबंध छापून घ्यायचे आणि गल्लीच्या कोपऱ्यावर उभं राहून वाचायचे, लोक पेपर वाचतात तसे.

"लांबनं बघनाऱ्याला थोडं दिलं तरी चालतंय," ते म्हणायचे, "पन जवळ आलेल्याला कमी पडू द्यायचं न्हाय." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढंपुढं ते तोंड उघडायच्या आत मीच म्हणून टाकायची. त्यांना राग येत नसे. "पाठ झालंय, आता कळायला लाग," म्हणायचे.

त्यांची बसायची तऱ्हा पाहून नवा माणूस हटकून थबकायचा. सगळ्यांना चाकाच्या खुर्च्या. आप्पांना चार पायांची लाकडी खुर्ची, तिच्या पायांखाली विटा, आणि टेबलाखाली पुठ्ठ्याचं मोठं खोकं. खुर्चीवर बसून दोन्ही पाय त्या खोक्यात सोडायचे. घराणं विणकरांचं. हातमागाला जमिनीत खड्डा असतो, विणणारा काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो. आप्पांनी लहानपणी सगळा अभ्यास तसाच बसून केला होता आणि पायांभोवती चार भिंती असल्याशिवाय त्यांचं डोकं चालायचं नाही. एकदा झाडलोट करणाऱ्या मावशींनी ते खोकं रद्दीत घातलं. आप्पा दुपारपर्यंत उभे. साहेबांनी आपल्या केबिनमधलं पाय ठेवायचं स्टूल आणून दिलं, तर म्हणाले, "पाय वर ठेवायला नको साहेब, आत सोडायला पायजे." शेवटी मी खाली टायरच्या दुकानातून खोकं मागून आणलं. बेंगळुरूची माणसं मीटिंगला यायची तेव्हा मला त्या विटांची अशी लाज वाटायची की मी आधी जाऊन त्यांच्यापुढं कचऱ्याची बादली ठेवायची.

लाज वाटण्यासारखं आणखी पुष्कळ होतं. कुणाच्याही अंगावरचं कापड बघायचे. "बाही बघू काय जरा?" म्हणून कुरिअरवाल्याची बाही अंगठा आणि बोटात धरून चोळायचे आणि त्याला त्याच्या शर्टाचं सूत सांगायचे. दर महिन्याला निपाणीला जायचे, कारण तिथल्या एका दुकानात आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांतलं सगळ्यात रडकं मशीन होतं. नवं काही केलं की एसटीनं निपाणी. दुकानदार म्हणे, आप्पा, नवं मशीन घेतो आता, तर आप्पा त्याला हात जोडून म्हणाले, "घेऊ नका. हितं चाललं तर जगात कुठंबी चालतंय, मला हे एवढंच ठिकान हाय."

आणि तो राणी रंग. ऑफिसातल्या प्रत्येक पडद्यावर साडीच्या मागची भिंत आप्पांनी भडक राणी रंगाची करून ठेवली होती. डोळे दुखायचे. का, तर साडीच्या दोन तुकड्यांच्या मध्ये केसभर जरी फट पडली तरी मागचा राणी रंग तिच्यातून चमकावा. या फटींना आम्ही भेगा म्हणायचो. सबंध खासबागेत ढेकणाला कुणी घाबरत नसेल इतके आप्पा भेगेला घाबरत.

भेगा कशा पडतात ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. मला आणि दुसऱ्या एका मुलीला पाठीला पाठ लावून बसवलं आणि दोघींच्या हातात एकाच लांबीचा एकेक दोरा दिला. "ही तुमच्या दोघींच्या शेताची शीव. आपापल्या सोईनं हिचे भाग पाडा. गाठी मारा." मी पाच भाग पाडले, तिनं सात. आप्पांनी दोन्ही दोरे शेजारी ठेवले. "जुळतायत काय गाठी?"

"नाही."

"मग त्यातनं राणी दिसनार. करायचं काय?"

"एकमेकींना विचारायचं," मी म्हणाले.

"कार्डात हजारो तुकडे एका टायमाला चालतात. कोन कुनाला इचारतंय?" ते म्हणाले. "आपल्या घराकडं बघून आकडा ठरवायचा न्हाय. शिवेकडं बघून ठरवायचा. शीव दोघींची एकच हाय, मग आकडा बी एकच येतोय. न इचारता." आणि मग हसून, "सीमाभागात जल्मून एवढं कळत न्हाय व्हय तुमास्नी?"

सगळं ऑफिस हसलं. मला तो माणूस त्या दिवशी आवडला, हे कबूल करते.

पण पुढच्याच वर्षी माझ्या कामात एक भेग सापडली. एक! साडी एका विशिष्ट कोनात फिरवली की कमरेजवळ एक राणी ठिपका लुकलुकायचा आणि जायचा. दुसऱ्या दिवशी काम गिऱ्हाइकाला द्यायचं होतं. आप्पांनी थांबवलं. दोन दिवस आम्ही तो ठिपका शोधत होतो. सापडलं काय? एका तुकड्यानं कडेची बेरीज डावीकडून केली होती आणि शेजारच्यानं उजवीकडून. शाळेत शिकवतात कुठूनही करा, उत्तर एकच. कार्डात तसं नसतं; शेवटच्या आकड्यात केसाएवढा फरक पडतो. "बेरीज दोन्हीकडनं एकाच वळनानं करायची," एवढंच आप्पा बोलले. साहेब माझ्यावर ओरडले, गिऱ्हाईक साहेबांवर ओरडलं. मी घरी जाऊन आईला म्हटलं, असला माणूस मी जन्मात पाहिला नाही. एका ठिपक्यासाठी! जो कुणाला दिसलाही नसता!

हे सगळं सांगायचं कारण, अशा माणसानं पुढं एका ओळीसाठी जे केलं ते आम्हाला कुणालाच कळलं नाही.

बेंगळुरूची एक मोठी कंपनी आमच्याकडे आली. त्यांना हातमागाच्या साड्या विकायच्या होत्या, दुकानातही आणि फोनवरही, आणि पडद्यावरची साडी आमची हवी होती. आप्पांना लॉटरी लागल्यासारखं झालं. कारण घरात त्यांच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा, हातमाग होता. गल्लीत बहुतेक सगळीकडे यंत्रमाग आले होते. हातमाग उरले चार-पाच घरांत, आणि त्यांच्या साड्यांना उठाव नव्हता. आक्का दोन वर्षं म्हणत होत्या की या दिवाळीनंतर माग मोडून जळणाला लावते. आप्पांनी साहेबांकरवी कंपनीला गल्लीतल्या साड्या घ्यायला लावल्या आणि नमुन्याला आक्कांची साडी घेतली. हिरवी, लाल रेशमी पदराची.

दीड महिना ते त्या साडीवर होते. आतशी काचेखाली धरून उंचवटे मोजायचे, मग ते कार्डाला सांगायचे. आणि एक दिवस मला म्हणाले, "ये, बघ." मी बोटानं साडी जवळ ओढली. हिरवं अंग संपून लाल पदर सुरू होतो तिथं एक आडवी बारीक ओळ होती, फणीच्या दातांसारख्या फासांची. जवळ जावं तसा एकेक फास उठून यायचा.

"हे काय?"

"सांधा." अंगाचे उभे धागे सुती, पदराचे रेशमी; ते वेगळे असतात. हातमागावर साडीमागं एकदा, एकेका सुती धाग्याचा फास एकेका रेशमी धाग्याच्या फासात अडकवून ते जोडतात. हजारो फास. आक्कांना त्याला जवळजवळ आख्खा दिवस लागायचा. यंत्रमाग असल्या भानगडीत पडत नाही. तिथं उभा धागा सलग असतो, पदराला नुसता आडव्या धाग्याचा रंग बदलतात. "बाकी सगळी नक्कल मशीन करतंय," आप्पा म्हणाले, "हे एवढं करत न्हाय."

मी म्हटलं, छान आहे. खरं सांगायचं तर मला ती ओळ मळल्यासारखी दिसली होती.

पंधरा दिवसांनी कंपनीच्या तपासणीवाल्यांचं पत्र आलं. त्यांनी पदराजवळ लाल वर्तुळ काढून लिहिलं होतं: इथे भेग आहे, तातडीनं दुरुस्त करा. आम्ही पोट धरून हसलो. आप्पांच्या कामात भेग! आप्पा हसले नाहीत. त्यांनी उत्तर लिहिलं की ही भेग नाही, सांधा आहे, हातमागाची खूण आहे. परत पत्र आलं: असेल, पण गिऱ्हाइकाला साडी फाटल्यासारखी वाटते, काढा.

"मग गिऱ्हाइकाला सांगा की काय हाय ते," आप्पा फोनवर म्हणाले. "एवढा जवळ आलाय तो. बघायलाच आलाय न्हवं?"

साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. काचेचं दार, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "आप्पा, एका ओळीपायी एवढं मोठं काम घालवायचं काय? आठ माणसांची पोटं हायत."

"ओळ न्हाय साहेब ती. तेवढंच तर हातानं केल्यालं हाय."

"तुम्हाला कळतं, मला कळतं. लोकांना काय?"

"लोकांना कळावं म्हनून तर दाखवायचं."

मी तेव्हा साहेबांच्या बाजूची होते, आणि ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मला वाटलं, हा माणूस एका ठिपक्यासाठी दोन दिवस आमचा जीव खातो आणि आता स्वतःची भेग दिसली तर तिला सांधा म्हणतो. मनात एक जुना राग होताच.

आप्पा निपाणीला गेले त्या दिवशी साहेब माझ्या टेबलापाशी आले. जाताना आप्पा मला सांगून गेले होते, "त्या ओळीला हात लावू नको गं." साहेब म्हणाले, "संध्याकाळपर्यंत पाठवायचंय. तुला जमेल काय?"

जमेल काय! दहा मिनिटांचं काम होतं. तेवढ्या पट्ट्यातली उंची शून्य केली, की फास गेले. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. हिरवा रंग लालात असा अलगद मिसळला की अंग कुठं संपलं आणि पदर कुठं सुरू झाला ते कुणाला दिसू नये. मग राणी रंगावर साडी सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. एक ठिपका नाही. चार वर्षांत इतकं स्वच्छ काम मी केलं नव्हतं, आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. साहेबांनी सगळ्यांचं तोंड गोड करायला कुंदा मागवला.

आप्पा चारला आले. खोक्यात पाय सोडले, मशीन चालू केलं आणि साडी जवळ ओढली. पदरापाशी बोट थांबलं.

"कुनी सांगितलं?"

"साहेबांनी."

"केलं कुनी?"

"मी."

मला वाटलं आता ओरडतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. ते साडी फिरवत राहिले, वर, खाली, तिरकी. सगळ्या कडा बघितल्या. आणि म्हणाले, "चांगलं जुळवलंयस. कुठं फट न्हाय."

याचा मला आजही संताप येतो. माणसानं ओरडावं, टेबल आपटावं, दोन शिव्या द्याव्यात! समोरच्यानं आपलं दीड महिन्याचं काम पुसलं आणि हा माणूस त्या पुसण्याच्या कडा तपासतो!

साहेबांशी मात्र ते भांडले. निदान बघणाऱ्याला एक बटण द्या, ज्याला सांधा बघायचाय तो बघेल, म्हणाले. साहेब म्हणाले, काम पाठवून झालं, कंपनी खूश आहे, विषय संपला. कंपनी खरंच खूश होती. महिन्याभरात मागणी सुरू झाली आणि आक्कांच्या गल्लीतल्या सगळ्या हातमागांना काम मिळालं. एक दिवस आप्पांच्या हातून आक्कांनी ऑफिसला शेंगांच्या पोळ्या पाठवल्या, तूप वेगळ्या डबीत. मी दोन खाल्ल्या. तिसरी घरी नेली.

आणि मग साड्या परत यायला लागल्या.

पडद्यावर साडी सलग. घरी पोचलेल्या साडीत पदराच्या आधी आडवी ओळ. गिऱ्हाइकाला वाटलं जोड दिलेली साडी माथी मारली. प्रत्येक परत आलेल्या साडीवर कंपनीचा लाल बाणाचा स्टिकर, बाणावर 'डिफेक्ट' छापलेलं, आणि बाणाचं टोक बरोबर त्या सांध्यावर. वर चोराच्या उलट्या बोंबा: कंपनीनं विणकरांना लिहिलं की दर्जा सुधारा, पडद्यावर दाखवल्याप्रमाणे माल द्या. म्हणजे ज्यांच्या साडीवरून पडदा केला त्यांनीच आता पडद्याप्रमाणे साडी करायची! आणि यावर कडी अशी, की त्याच चित्राखाली कंपनीनं यंत्रमागाच्या साड्या विकायला घेतल्या. त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार आली नाही. त्या चित्राशी अगदी तंतोतंत जुळत होत्या. मी जुळवलेल्या चित्राशी.

गल्लीतली मागणी थांबली. आणि एका सकाळी आक्का ऑफिसात आल्या.

मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी, पिशवीत परत आलेल्या सहा साड्या. जिना चढून दम लागला होता. त्या आप्पांकडे गेल्या नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "मला माजं लुगडं दावा. ते यंत्रात घातल्यालं."

कुणीतरी पडद्यावर हिरवी साडी आणली. आक्कांनी चष्मा लावला. बोटानं कसं ओढायचं ते मीच दाखवलं. निऱ्या पाहिल्या, काठ पाहिला, मान हलवली. मग पदरापाशी आल्या आणि थांबल्या. आणखी जवळ ओढलं. आणखी. जवळ आलेल्याला कमी पडू द्यायचं नाही म्हणून आप्पांनी केलेली सगळी करामत चालू झाली, सुताचा पीळन् पीळ दिसायला लागला, आणि आक्का त्यात आपली ओळ शोधत होत्या.

"सांधा कुटं गेला?"

साहेब केबिनमधून बाहेर आले आणि तिथंच उभे राहिले.

"हे माजं लुगडं न्हवं," आक्का म्हणाल्या. "कुनी केलं हे?"

मी तोंड उघडलं असेल नसेल. आप्पा खोक्यातून पाय काढून उठले आणि म्हणाले, "आक्का, मी केलं. माजी चूक झाली. लोकास्नी बरं दिसंल असं वाटलं."

आक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मी गप्प बसले. साहेब गप्प बसले. आम्हा आठ जणांपैकी सातांना खरं ठाऊक होतं, आठवा सुट्टीवर होता. आक्कांनी साड्या पिशवीत भरल्या आणि एकेक पायरी धरून खाली उतरल्या.

त्या गेल्यावर मी आप्पांना म्हटलं, "असं का सांगितलं तुम्ही?"

"तुजी अजून उमर हाय गं," एवढंच म्हणाले. आठवड्याभरात नोकरी सोडली. खोकं, विटा, सगळं जागेवर ठेवून गेले.

मला कुणी विचारलं होतं का, की माझी चूक तुमच्या डोक्यावर घ्या? मोठेपणा करायचा तर स्वतःच्या जिवावर करावा. इथं त्या बाईनं आपल्या भावाला असं पाहिलं, जसं कुणी चोराला पाहतं, आणि त्या पाहण्यावर माझा हक्क होता. तो त्यांनी काढून घेतला. पुढं मला बढती मिळाली, आप्पांची जागा मिळाली. पहिलं काम मी केलं ते उंचीची जुनी फाइल परत बसवायचं. फास आले. दुसऱ्या दिवशी तपासणीवाल्यांचं पत्र: भेग आहे. मी लिहिलं, भेग नाही, सांधा आहे. साहेबांनी तो पुन्हा काढायला लावला. मी पुढच्या खेपेला पुन्हा घातला. हे आमचं अजून चालू आहे, आणि आता साहेब मला म्हणतात, तू त्या आप्पासारखी व्हायला लागलीस.

गेल्या उन्हाळ्यात मी खासबागेत गेले. पत्ता विचारावा लागला नाही. यंत्रमागांच्या खडखडाटात एका घरातून आवाज येत नव्हता, तेच घर. आक्का दारात तांदूळ निवडत होत्या. आत माग होता, आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, समोर फळीवर लॅपटॉप ठेवून आप्पा बसले होते. कुठल्या तरी परदेशी कंपनीचं काम घरून करत होते म्हणे. मला बघून "ये गं," म्हणाले, जशी मी कालच येऊन गेले होते.

मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता, आणि चहा प्यायल्यावर मला बोलता आलं नसतं. मी आक्कांना म्हटलं, "आक्का, तुमच्या साडीतला सांधा आप्पांनी नाही मिटवला. मी मिटवला. त्यांनी हात लावू नको म्हणून सांगितलं होतं."

आक्कांनी सुपातला खडा वेचून बाहेर टाकला. "ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? त्येला मी लहानाचा मोटा केलाय. एक फास सुटला तर आख्खं उसवून बसनारा ह्यो. म्हने लोकास्नी बरं दिसंल! खोटं बी धड बोलाय येत न्हाय."

"मग तुम्ही तिथं काही बोलला का नाही?"

"कुनाला बोलू? तू गप हुतीस की."

मी आप्पांकडे वळले. इतक्या दिवसांचं सगळं एकदम वर आलं. मी म्हटलं, "तुम्ही मला त्याच दिवशी शिव्या का नाही घातल्या? चांगलं जुळवलंयस म्हणालात! काय चांगलं होतं त्यात?"

आप्पांनी लॅपटॉपवरून मान वर केली. जराही कडवटपणा नव्हता, हेच वाईट. "चांगलंच हुतं गं. कुठं फट न्हवती. वाईट केलं असतंस तर कुनीतरी इचारलं असतं, हितं काय हुतं म्हनून."

आक्का उठून आत गेल्या आणि कपाटातून एक हिरवी साडी घेऊन आल्या. परत आलेल्यांतली. "ही घे. तुला तरी कळतंय ह्यो सांधा काय हाय ते," म्हणाल्या, आणि घडी माझ्या हातावर ठेवली. वरच तो लाल बाण होता, सांध्यावर चिकटलेला. मी नखानं त्याचं टोक उचलायला लागले, तर आक्कांनी माझा हात धरला.

"वढू नको. डिंक रेशमात गेलाय. फास तुटतील."

ती साडी माझ्याकडे आहे. दोन लग्नांत नेसले. बाण तसाच आहे, आणि पदर पुढं आला की लोक विचारतात हे काय. मी सांगते.